भिशीवाल्यांचा संघ आणि तक्त्यातली जागा

आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका. गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीतही बायका अशाच हसल्या होत्या.

झालं असं, की आमच्या एका ताईंची मुलगी शाळेच्या संघात खेळते. दहावी झाली, आता खेळ बंद, असं घरात ठरलं. ताई बैठकीत म्हणाल्या, "पोरीचं पुढं काय होतं हो त्यात?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता येईना. मग पोरीनंच मोबाइलवर महिलांच्या राष्ट्रीय लीगचा तक्ता दाखवला. आम्ही म्हटलं, अगं, हे तर आपलं लेखापुस्तकच की!

समजायला सोपं आहे. सामना जिंकला की ३ गुण, बरोबरी झाली की १, हरलं की शून्य. दोघांचे गुण सारखे झाले, की बऱ्याचदा गोलफरक बघतात. केलेले गोल जमेला, खाल्लेले गोल खर्चाला, वजा करून उरते ती शिल्लक. काही स्पर्धांत मात्र आधी त्या दोघांमधल्या सामन्यांचा हिशेब बघतात. गोकुलम केरळच्या पुरुष संघाचं २०२०-२१ च्या आय-लीगमध्ये तसंच झालं. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे आणि त्यांचे गुण सारखेच, २९. पण आपसातल्या दोन सामन्यांत गोकुलम सरस, म्हणून करंडक केरळला गेला.

या गोकुलमचीच गोष्ट सांगायची आहे. क्लब निघाला २०१७ मध्ये. काढणाऱ्या गोकुलम समूहाचा मूळ धंदा चिट फंडाचा. म्हणजे आपली भिशीच, फक्त मोठी आणि कायद्यात बसवलेली. हे कळल्यावर आमच्या बायका जरा पुढे सरकून बसल्या.

त्यांच्या महिला संघानं २०२० च्या फेब्रुवारीत बंगळुरूला मणिपूरच्या क्रिफ्सा संघाला ३-२ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. शेवटचा गोल नेपाळच्या सबित्रा भंडारीचा. पुढची लीग कोरोनामुळं लांबली, ती २०२२ मध्ये ओडिशात झाली. १२ संघ होते. त्यांत मुंबईचा पीफा होता आणि गोव्याचा सिर्वोडेमही. शेवटच्या दिवशी तक्त्यात गोकुलमचे ३० गुण आणि तमिळनाडूच्या सेतू संघाचेही ३०. दोघींचाही एकही सामना वाया गेलेला नाही, आणि शेवटची लढत एकमेकींशीच! गोकुलमचा गोलफरक मोठा, त्यामुळं त्यांना बरोबरीही पुरली असती. पण सेतूनं सुरुवातीलाच गोल केला. मग आशालता देवीनं पेनल्टीवर बरोबरी साधली, घानाच्या एलशद्दाईनं दुसरा केला, पंजाबच्या मनीषा कल्याणनं तिसरा. ३-१. अकरापैकी अकरा सामने जिंकले, ३३ गुण. एवढी चोख वसुली आमच्या एकाही गटाची नाही, हे कबूल करतो.

आता खरं दुखणं ऐका. या विजयामुळं त्यांना आशियाच्या महिला क्लब स्पर्धेत जायला मिळालं. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ उझबेकिस्तानात ताश्कंदला पोहोचला, आणि तेवढ्यात फिफानं भारतीय महासंघावर बंदी घातली. कारण काय, तर महासंघाचा कारभार न्यायालयानं नेमलेली समिती बघत होती आणि बाहेरच्यांचा हात फिफाच्या नियमात चालत नाही. त्यात या मुलींचा काय संबंध? काहीच नाही. सरकारनं विनंती केली, क्लबनं पंतप्रधानांना साकडं घातलं. उपयोग झाला नाही. वर्षभराच्या कमाईवर मिळालेली स्पर्धा, आणि एक चेंडू न खेळता परत. बंदी २६ ऑगस्टला उठली, पण त्यांचे सामने तोवर गेले होते.

वरच्या कार्यालयातला घोळ आणि हप्ता अडकतो खालच्या बाईचा, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्याजणी गप्प झाल्या होत्या.

मनीषा त्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून खेळली. युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय. गोकुलमच्या संघानं पुढच्या वर्षी अहमदाबादला अंतिम सामन्यात किकस्टार्टला ५-० हरवून सलग तिसऱ्यांदा लीग जिंकली. नंतर मात्र २०२४ ला ओडिशा एफसी पहिली आली, २०२५ ला ईस्ट बंगाल, आणि दोन्ही वेळा गोकुलम दुसरी.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बुटांना किती पडतात?" पोरीनं आकडा सांगितला. अंतर्गत कर्जाचा अर्ज आला आहे. कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहायचं की 'खेळ', यावर अध्यक्ष आणि सचिव यांचं अजून एकमत नाही. शुक्रवारच्या बैठकीत ठरेल.