कवळीचा दोष नव्हता



'तुझ्या कामाबद्दल बोल' असं मला सांगितलं होतं. पण जेवणाआधी सॉफ्टवेअरवर बोलले तर अर्धा हॉल झोपेल. म्हणून विषय बदलते.

विज्ञानाच्या बाईंनी आपल्याकडून चेतापेशीची आकृती कितीदा काढून घेतली, आठवतंय ना? मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या या पेशी एकेक करून मरत जातात, तो मोटर न्यूरॉन आजार. माझ्या मावशीला तो ६८व्या वर्षी झाला. तेव्हापासून मी त्याबद्दल वाचत आले आहे.

आजार दुर्मिळ आहे. युरोपातल्या नोंदींप्रमाणे दर लाख लोकांमागे वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण. चाळिशीच्या आत तो क्वचितच होतो. पन्नाशीनंतर धोका वाढतो आणि साठ ते पंचाहत्तरच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. पुरुषांमधलं प्रमाण स्त्रियांच्या साधारण सव्वा ते दीडपट. पण हा फरक सगळ्या वयांत सारखा नाही. तरुण रुग्णांत पुरुष बरेच जास्त, सत्तरीनंतर मात्र दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. सुरुवातही वेगळी असते. पुरुषांत ती बहुधा हातापायांपासून होते. वयस्क स्त्रियांत बोलण्या-गिळण्यापासून होण्याचं प्रमाण जास्त.

मावशीचं तेच झालं. शब्द जड येऊ लागले आणि सगळं खापर कवळीवर फुटलं. नवी कवळी बसवली, तरी बोलणं सुधारेना. निदान व्हायला वर्ष गेलं.

आता आपल्या देशाचं. बंगळूरच्या निम्हान्समधल्या तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १,१५३ रुग्णांचं आजार सुरू होतानाचं सरासरी वय सुमारे ४६ होतं आणि पुरुष स्त्रियांच्या तिप्पट होते. ४६ म्हणजे आपलंच वय! पण दचकू नका. आपल्याकडे तरुणांची संख्याच जास्त, त्यामुळे सरासरी खाली येणारच. शिवाय हे रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचे आकडे आहेत. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी कळते : तक्रार आली नाही म्हणजे बिघाड नाही, असं नसतं. घरातल्या बाईला मोठ्या रुग्णालयात न्यायला किती उशीर होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या तिपटीत आजार किती आणि उंबरठा किती, हा प्रश्न मला पडतो.

सरासरी गर्दीची असते, एकट्या माणसाची नव्हे. स्टीफन हॉकिंग यांना १९६३मध्ये निदान झालं तेव्हा ते २१ वर्षांचे होते.

लवकर कळून काय उपयोग, असं कुणी विचारेल. आजार बरा होत नाही, हे खरं. पण औषधाने त्याची गती थोडी कमी होते, श्वासाला आणि गिळण्याला वेळेवर आधार देता येतो. आणि आवाज शाबूत असताना ध्वनिमुद्रित केला, तर पुढे संगणक त्याच आवाजात बोलू शकतो. हे तंत्र माझ्याच क्षेत्रातलं. पण मावशीच्या आवाजात मला जेमतेम दहा-बारा वाक्यं स्पष्ट मिळाली. माझ्या नावाची हाक त्यात आहे.

म्हणून एकच विनंती. पापणी फडफडली म्हणून घाबरू नका, ते बहुतेकदा निरुपद्रवी असतं. पण हाताची पकड सुटू लागली, पाय घसटू लागला, बोलणं जड झालं आणि ते आठवड्यागणिक वाढत गेलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि घरातली आई, सासू, मावशी 'मला काही झालेलं नाही' म्हणाली, तरी तिला घेऊन जा.