सहाव्या क्रमांकाचा कैदी

हेरखात्याचा राजीनामा देऊन घरी परतलेला एक इसम बेशुद्ध केला जातो आणि शुद्धीवर येतो तो अशा एका सुरम्य गावात, की जेथे माणसांना नावे नसून केवळ क्रमांक आहेत, या विलक्षण कल्पनेवर उभारलेली 'द प्रिझनर' ही मालिका १९६७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर अवतरली. पॅट्रिक मॅकगूहन हा तिचा नायक, आणि बव्हंशी कर्ताही. पळू पाहणाऱ्यास अडवणारा पहारेकरी म्हणजे उड्या मारीत येणारा पांढरा फुगा! मुळात योजिलेले यंत्र निकामी ठरले, म्हणून फुग्याची नेमणूक झाली; ते यंत्र चालते, तर मालिकेचे अर्धे भय हरपले असते, असे मला वाटते.

भाग अवघे सतरा. परंतु त्यांचा क्रम कोणता, हा रसिकांतील न निकालात निघणारा दावा आहे. आठव्या भागात नायक आपण येथे नवखे असल्याचे सांगतो, तेव्हा तो भाग आरंभीचाच असला पाहिजे, असा एका पक्षाचा युक्तिवाद. प्रक्षेपणाचाच क्रम कायम मानावा, असे दुसऱ्याचे म्हणणे. अखेरीस गावाचा सूत्रधार असलेल्या पहिल्या क्रमांकाच्या मुखवट्याखाली वानराचा मुखवटा, आणि त्याखाली नायकाचाच चेहरा निघतो. त्याच्या अर्थाविषयी तर विचारूच नये. १९७७ साली चाहत्यांनी रीतसर मंडळ स्थापिले, आणि वेल्समधील पोर्टमेरियन या चित्रीकरणस्थळी त्यांची संमेलने भरू लागली. तेथे माणसांनाच मोहरे करून मालिकेतील बुद्धिबळाचा डाव पुन्हा मांडला जाई.