कानाची निगा आणि शिकलेली परिचारिका

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी बोलणार आहे तेही शिक्षणावरच. मात्र ते शाळेतील नव्हे. अंधेरी-बोरीवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांतील कित्येक मुलींनी परिचारिकेचा पेशा पत्करला आहे. त्यांच्या आईबापांपुढे कानाच्या निगेचा विषय मांडावा, असे मनात आले.

कान धुणे हे काम वरवर क्षुल्लक दिसते. लाल पगडीत सळई खोवून फिरणारे कान कोरणारे आपण मुंबईत पाहिले आहेत. घरी आजीबाई लसणीचे कोमट तेल कानात सोडते, आणि तरुण मंडळी कापसाची काडी फिरवितात. काडीने मळ बाहेर न येता आत ढकलला जातो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. वस्तुतः मळ हा कानाचा शत्रू नव्हे. तो आतील त्वचेचे रक्षण करतो आणि बहुधा आपण होऊनच बाहेर येतो. तो दाटून बसून ऐकू येईनासे झाले, म्हणजे जाणत्या हाताची गरज पडते.

जाणता हात म्हणजे काय? मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब व किंचित वाकडी असते. आतील पडदा दिसावा म्हणून मोठ्या माणसाचा कान वर व मागे, तर तान्ह्या मुलाचा खाली व मागे ओढावा लागतो. पाणी शरीराइतकेच उष्ण, म्हणजे सुमारे ३७ अंश हवे. थंड पाण्याने घेरी येते. धार पडद्यावर न सोडता नळीच्या भिंतीवर सोडावयाची. पडद्यास छिद्र असेल वा कान वाहत असेल, तर पाणी घालावयाचेच नाही. मुलाने कानात वाटाणा घातला असल्यास तो पाण्याने फुगतो. घड्याळाची बारीक बॅटरी घातली असल्यास थेंबभर औषधही न टाकता तात्काळ रुग्णालय गाठावे लागते, कारण ती काही तासांत आतील भाग जाळते. आणि मळ नसताना कोणास अकस्मात ऐकू येईनासे झाले, तर ‘सर्दी असेल’ म्हणून त्यास घरी पाठवू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. उशिराने गेलेले ऐकणे पुष्कळदा परत येत नाही. कान धुण्यापेक्षाही हे ओळखणे मला अधिक मोलाचे वाटते.

परिचारिकेच्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कानास फार थोडी जागा मिळते. इंग्लंडात रॉदरहॅम येथे परिचारिकांना कानाच्या निगेचेच शिक्षण देणारे केंद्र निघाले. हाताने दाबावयाची पिचकारी वापरू नये, असे तेथील मार्गदर्शक नियमांत २०१८ साली सांगितले गेले. आपल्याकडे बधिरता-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टरांपासून अंगणवाडी सेविका व शाळाशिक्षकांपर्यंत सर्वांना शिकविण्याची योजना आहे. वांद्र्यास १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणतज्ज्ञ तयार करीत आहे. परंतु श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचे माप घेतो. रोज कान हाताळणारी परिचारिका निराळी, आणि तिचे शिक्षण बहुधा वडील परिचारिकेच्या शेजारी उभे राहूनच होते. ती वडील चांगली असली तर उत्तम; नसली तर तिच्या सवयी पुढे चालतात.

दोन दिवस व्याख्यान ऐकून मिळालेल्या कागदास मी पात्रता म्हणणार नाही. शाळेत सर्व उत्तरे तोंडपाठ लिहिणाऱ्या मुलास प्रयोगशाळेत साधा दिवा पेटविता येत नसे! जाणकाराच्या नजरेखाली निरोगी व बिघडलेले असे अनेक कान पाहावेत, स्वतःच्या हाताने काम करून दाखवावे, आणि काही वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी.

तेव्हा कार्यकारी मंडळास माझ्या दोन सूचना आहेत. नोकरीत असलेल्या ज्या मुली असे शिक्षण घेऊ इच्छितात, त्यांच्या शुल्कासाठी विद्यार्थी निधीतून रक्कम बाजूस काढावी. रात्रपाळी करून शिकणाऱ्या मुलीस तेवढा आधार पुरेसा होतो. दुसरे, आपल्या आरोग्य शिबिरात कान तपासण्याचे यंत्र आणि ते वापरता येणारी व्यक्ती असल्याखेरीज कान धुण्याचे मेज मांडू नये. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. त्याआधीच्या सभेत या दोन्ही सूचना विचारास घ्याव्यात, अशी विनंती आहे.