काय येते आणि काय यायला हवे

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत मी बसलो होतो. खिडकीशी एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. मुलीच्या कॉलेज-प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि अर्ज त्रुटीत निघाला होता. त्यांची ही तिसरी खेप. त्यांनी विचारले, "साहेब, नक्की कोणता कागद कमी पडतोय?" कारकुनाने संगणकाकडे पाहिले आणि म्हणाला, "कागदपत्रं अपुरी, एवढंच दिसतंय, मावशी. सेतू केंद्रात विचारून बघा." बाई काही न बोलता निघून गेल्या.

तुम्ही म्हणाल, कारकून आळशी असेल किंवा उर्मट तरी. तसे मुळीच नव्हते. गृहस्थ मनमिळाऊ होते. नंतर बोलता बोलता त्यांनी मोठ्या उत्साहाने मला दाखवले की, ऑनलाइन शिक्षणाची चौदा प्रमाणपत्रे त्यांनी मिळवली आहेत. वेळेचे नियोजन, ताणतणाव, नेतृत्व, सायबर सुरक्षा! चौदा विषय शिकलेल्या त्या माणसाला पंधरावी गोष्ट मात्र कोणी शिकवली नव्हती, आणि तीच त्यांच्या रोजच्या कामाची होती: त्रुटी वाचायची कशी, ती अर्जदाराला सोप्या शब्दांत सांगायची कशी, आणि अर्ज नाकारला गेलाच तर पुढची वाट कोणती ते दाखवायचे कसे.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या पंधराव्या गोष्टीबद्दल.

ऑनलाइन शिक्षण ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. पूर्वी प्रशिक्षण म्हटले की पुण्याला किंवा मुंबईला जायचे, आठवडाभर राहायचे, आणि इकडे टेबलावर फायलींचा ढीग. आता तेच पाठ खेड्यातल्या कचेरीत मोबाइलवर मिळतात. परंतु सोय झाली की एक मोहही सुटतो. ताटात वाढलेच आहे तर सगळेच खावे! मग माणूस शिकतो ते जे सोपे दिसते ते, जे लवकर संपते ते, किंवा वरिष्ठांनी 'अमुक तारखेपर्यंत पूर्ण करा' म्हटले ते. वैद्य आधी नाडी पाहतो, मग मात्रा देतो. आपण मात्र नाडी न पाहताच मात्रा देत सुटलो आहोत.

ही नाडी म्हणजे क्षमता. इंग्रजीत तिला 'कॉम्पिटन्सी' म्हणतात. क्षमता म्हणजे पदवी नव्हे आणि नुसती माहितीही नव्हे. एखादे काम नीट पार पाडण्यासाठी लागणारे ज्ञान, हातचे कौशल्य आणि वागण्याची रीत, या तिन्हींचा मेळ म्हणजे क्षमता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ साली एक लेख लिहून असे प्रतिपादन केले की, नोकरीसाठी माणूस पारखताना केवळ बुद्धिमापन उपयोगी नाही. त्या कामात प्रत्यक्ष लागणारी क्षमता तपासली पाहिजे. पुढे कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी हा विचार उचलला.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी 'मिशन कर्मयोगी' या कार्यक्रमाला मान्यता दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवून पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. शिकण्यासाठी 'आय-गॉट कर्मयोगी' हे ऑनलाइन व्यासपीठ उभे राहिले. त्यामागचे सूत्र साधे आहे. आधी पदाची भूमिका ठरवा, मग त्या भूमिकेत कोणकोणती कामे येतात ते लिहा, आणि मग प्रत्येक कामाला कोणती क्षमता लागते ते नोंदवा. क्षमतांचेही तीन गट केले आहेत: वागणुकीच्या, कार्यपद्धतीच्या आणि त्या त्या विषयाच्या. पाठ निवडायचा तो या यादीकडे पाहून.

आता हे आपल्या त्या खिडकीला लावून पाहू. भूमिका कोणती? नागरिकाला सेवा देणारा कर्मचारी. कामे कोणती? अर्ज तपासणे, त्रुटी कळवणे, मुदतीत निकाली काढण्यासाठी पुढे पाठवणे. क्षमता कोणत्या? विषयाची क्षमता म्हणजे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम माहीत असणे. त्या कायद्याप्रमाणे अर्ज नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतात, आणि अपील कोणाकडे करायचे तेही अर्जदाराला कळवावे लागते. कार्यपद्धतीची क्षमता म्हणजे संगणकावरचा शेरा उघडून नेमका कागद शोधता येणे. आणि वागणुकीची? गोंधळलेल्या माणसाला न खेकसता, त्याच्या भाषेत समजावून सांगणे. बघा, अवघ्या चार ओळींत अभ्यासक्रम तयार झाला! चौदा पाठांची गरजच नव्हती. तीन पुरले असते.

यादी झाली की दुसरी पायरी: आज यातले काय येते आणि काय येत नाही? हे ठरवायचे कोणी? स्वतः कर्मचाऱ्याने सांगावे, वरिष्ठाने सांगावे, आणि या दोघांहून खरे बोलणारा साक्षीदार म्हणजे काम. मागच्या महिन्यात किती अर्ज परत आले, का परत आले, ते काढून पाहा. जे यायला हवे आणि जे येते यांमधले अंतर, तेवढेच शिकवायचे. येते तेच पुन्हा शिकवण्यात वेळही जातो आणि शिकण्याची गोडीही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. प्रत्येक दोष शिक्षणाने जात नाही. कर्मचाऱ्याला काम येते, पण सर्व्हर बंद आहे. काम येते, पण दोन माणसांचे काम एकावर आहे. अशा वेळी पाठ देणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला चालण्यावर व्याख्यान देणे! म्हणून आधी स्वतःला विचारावे, 'याला हे काम येतच नाही, की येत असून करता येत नाही?' दुसरे उत्तर आले तर प्रशिक्षण नको, दुरुस्ती हवी.

दुसरी सूचना वरिष्ठांसाठी. 'मला हे येत नाही' असे कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिले आणि तीच ओळ पुढे त्याच्या गोपनीय अहवालात गेली, तर पुढच्या वर्षी सगळ्यांना सगळेच येऊ लागेल, निदान कागदावर तरी. क्षमतेची यादी ही छडी नव्हे. आणि शिकायला वेळ हवा तो कामाच्या तासांत. घरचा स्वयंपाक उरकून रात्री अकराला जी भगिनी मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून डुलक्या घेते, तिचे तास भरतात, पण शिक्षण होत नाही.

शेवटची पायरी परीक्षेची. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला पाठ आवडला का, तो शिकला का, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून कामात फरक पडला का. आपल्या प्रमाणपत्रांची धाव बहुधा दुसऱ्या पायरीपर्यंतच असते. त्या बाईंचा संबंध मात्र चौथ्या पायरीशी आहे.

तुम्ही कचेरीत असा, बँकेत असा, की कारखान्यात. एक साधा प्रयोग करून पाहा. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात या आठवड्यात केलेली कामे लिहा, दुसऱ्यात त्यांना काय यायला हवे ते, आणि तिसऱ्यात खरोखर काय येते ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात जिथे मेळ बसणार नाही, तिथूनच तुमचा पुढचा पाठ सुरू होतो. तो पाठ मोबाइलवर सापडेल, किंवा शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी सहकाऱ्यापाशीही सापडेल. त्याला कमी लेखू नका.

मी त्या कारकुनांना हे रकाने आखून दिले. त्यांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि म्हणाले, "म्हणजे मला त्या मावशींना सांगता आलं असतं की!"

हो, आले असते. शिक्षणाचा उपयोग तोच. त्या मावशी पुढे कधी आल्या की नाही, त्यांच्या मुलीचा प्रवेश वेळेत झाला की नाही, ते मला कळले नाही. परंतु उद्या तुमच्या खिडकीशी कोणी तरी येणारच आहे. त्याच्या तीन खेपांची एक खेप झाली, तर तुमच्या प्रमाणपत्राचे चीज झाले असे समजा.