जुनी हवाई बंदूक : आधी छर्रा, मग माशी



गावच्या जत्रेत असो वा आमच्या फेस्ताच्या फेरीत असो, फुग्यांच्या फळीपुढे छऱ्याची बंदूक खांद्याला लावून कधीच उभा राहिला नाही असा माणूस विरळा. नेम चुकला की आपण हसून म्हणतो, ‘बंदुकीची माशीच वाकडी आहे!’ जत्रेत ते पुष्कळदा खरेही असते. तथापि हेच वाक्य घरात वडिलोपार्जित चालत आलेल्या एखाद्या जुन्या हवाई बंदुकीविषयी उच्चारले जाते आणि पाठोपाठ कानस हाती घेतली जाते, तेव्हा मात्र थांबावयास हवे. कानशीने घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. तशी बंदूक आज बाजारात नवी मिळावयाची नाही, आणि तिचा सुटा भाग तर त्याहून दुर्मिळ. चांगल्या बंदुका अशा रीतीने कायमच्या बिघडविलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचा दोष माशीत नव्हताच.

नळीच्या टोकावर जो लहानसा उंचवटा असतो ती माशी, आणि डोळ्याच्या बाजूला जी खाच असलेली पट्टी असते तिला आपण नुसती खाच म्हणू. खाचेतून माशी आणि माशीवरून निशाण पाहावयाचे, एवढाच हा सगळा खटाटोप.

आपल्याकडील जुन्या घरांतून मुख्यतः दोन वळणांच्या बंदुका आढळतात. पहिले वळण बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीचे. लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ साली ज्या रचनेचे एकस्व घेतले, तिच्याच आधारे त्या कंपनीने १९०५ पासून आपल्या हवाई रायफली काढल्या. यांची नळी स्थिर असते. खालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबावयाची आणि छर्रा वरच्या फिरत्या तोटीत टाकावयाचा. दुसरे वळण नळी मध्ये वाकवून स्प्रिंग दाबण्याचे. जर्मनीतील राश्टाट गावच्या डायना बंदुका या जातीच्या. हा भेद नेमाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाकणारी नळी प्रत्येक बाराच्या वेळी आपल्या जागी परत यावी लागते. तिचा सांधा ढिला असेल तर ती दर वेळी निराळ्या जागी येते, आणि मग खाच कितीही फिरवा, हाती काही लागत नाही. म्हणून प्रथम सांध्याचा आणि दस्त्याचे स्क्रू तपासून घट्ट करावेत. छर्रा न घालता चाप मात्र ओढू नये. पुढे हवेची उशी नसल्यामुळे दट्ट्या आपटतो आणि स्प्रिंगचे आयुष्य घटते. जुन्या बंदुकीत दट्ट्याला चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला असेल तर तेलाचे दोनतीन थेंब पुरतात. अधिक घातले तर दाबाच्या उष्णतेने तेच तेल पेट घेते, धूर निघतो, मोठा आवाज होतो, आणि बंदुकीचा जोर वाढला अशा समजुतीने मुले खूष होतात. प्रत्यक्षात स्प्रिंगचे नुकसान होत असते आणि छर्रे वाटेल तिकडे जात असतात.

आता छऱ्याकडे वळू, कारण खरी मेख येथे आहे.

छर्रा म्हणजे शिशाची गोळी नव्हे. त्याला डोके असते, बारीक कंबर असते आणि मागे पोकळ घेर असतो. हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुलून नळीच्या पिळांना बिलगतो, हवा निसटू देत नाही आणि छऱ्याला फिरकी मिळते. घेर चेपलेला असेल तर हे घडत नाही. डबी एकदा हातून पडली की त्यातले कित्येक छर्रे निकामी झालेले असतात. काचेवर घरंगळून पाहावेत, जो लंगडत जाईल तो बाजूला काढावा. चपट्या डोक्याचा छर्रा कागदावर वाटोळे, स्वच्छ भोक पाडतो, म्हणून दहा मीटरच्या नेमबाजीत तोच वापरतात. गोल डोक्याचा लांब अंतरावर अधिक सरळ राहतो. टोकदार छर्रा दिसावयास झोकदार. माझा अनुभव विचाराल तर त्याचा डौल डबीतच राहू द्यावा.

मापाकडेही लक्ष हवे. जुन्या बी.एस.ए. रायफलीवर ‘नंबर १’ असे असेल तर ती ०.१७७ इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची. ‘नंबर २’ असेल तर ०.२२ इंची. या दुसऱ्या मापात एक खोच आहे. आजचे बहुतेक छर्रे ५.५ मिलिमीटरचे असतात, आणि जुन्या इंग्रजी नळीत ते सैल बसतात. अशा नळीला ५.६ मिलिमीटरचे छर्रे मानवतात. सैल छऱ्याने विखुरलेला नेम पाहून कित्येकांनी बिचाऱ्या माशीला शिक्षा केली आहे. सायकलचे पोलादी छर्रे तर या नळीत चुकूनही घालू नयेत. ते पीळ खरवडतात आणि कठीण वस्तूवर आदळून वेगाने परत येतात. डोळा जावयास एवढे पुरते.

छर्रा निवडण्याची रीत सोपी आहे, मात्र तिला धीर लागतो. दहा मीटरवर कागद लावावा. मागे रद्दीचे जाड गठ्ठे किंवा चिंध्यांनी गच्च भरलेले खोके ठेवावे. दगडविटांची भिंत नको. वाळूच्या पिशवीवर आपला तळहात आणि तळहातावर बंदूक, अशी ती अलगद टेकवावी. आवळून धरू नये. स्प्रिंगची बंदूक छर्रा बाहेर पडण्यापूर्वीच मागेपुढे हलते, आणि तिला दर वेळी सारखेच हलू द्यावे लागते. मग एका जातीचे पाच छर्रे एकाच बिंदूवर नेम धरून मारावेत. ते मध्यभागी लागले की नाही, हे या घटकेला पाहूच नये. ते एकमेकांच्या किती जवळ लागले, एवढेच पाहावे. नंतर दुसरी जात, मग तिसरी. ज्या जातीची पाच भोके एका नाण्याखाली झाकतील ती त्या बंदुकीची जात. शेजारच्या बंदुकीला मानवलेली डबी आपल्या बंदुकीला मानवेलच असे नाही, जरी दोन्ही एकाच कारखान्यातल्या असल्या तरी.

हे झाल्यावर खाचेला हात लावावा. नियम एवढाच : छर्रा ज्या बाजूला न्यावयाचा त्या बाजूला खाच सरकवावी, माशी सरकवावयाची झाल्यास उलट बाजूला. किती सरकवावी, हे शाळेतले त्रैराशिक सांगते. समजा, माशी आणि खाच यांत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर आहे आणि दहा मीटरवर छर्रे तीन सेंटिमीटर डावीकडे लागत आहेत. तर खाच उजवीकडे सुमारे १.३५ मिलिमीटर सरकवावयाची. सव्वा मिलिमीटरहून किंचित अधिक! म्हणूनच हातोडीचा जोरकस ठोका सर्वनाश करतो. खाचेला स्क्रू असेल तर उत्तमच. नसेल तर पितळेचा खिळा लावून हलकेच टिचकी मारावी, आणि आधी पेन्सिलीने मूळ जागा आखून ठेवावी. छर्रे खाली लागत असतील तर खाच वर उचलावी. माशी घासूनही नेम वर जातो खरा, पण तो परतीचा मार्ग नव्हे.

नेम धरताना माशीच्या दोन्ही अंगांना खाचेत सारखा उजेड दिसावा, आणि नजर माशीवर स्थिर असावी. निशाण थोडे धूसर दिसले तरी चालते. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्यांना खाच धूसर दिसते आणि आपण बंदुकीला नावे ठेवतो. त्यावर उपाय चष्म्याच्या दुकानात आहे.

दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक आणि हैदराबादच्या गगन नारंग यांनी २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळविले ते याच अंतरावर. त्यांच्या बंदुका आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, आपल्या स्प्रिंगच्या म्हातारीहून अगदी निराळ्या. परंतु छर्रे तपासून निवडण्याचा नेम तेथेही चुकलेला नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचाहून मोठ्या मापाच्या वा वीस ज्यूलहून अधिक जोराच्या हवाई बंदुकीला परवान्याचा प्रश्न येतो. तेव्हा आजोबांची ‘नंबर २’ माळ्यावर सापडल्यास छर्रे शोधण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. आणि कागदावर नेम बसला म्हणून आंब्यावरच्या पाखराकडे नळी वळवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरू शकतो. मुलांच्या हाती बंदूक देणाऱ्या वडीलमंडळींनी हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. शिसे विषारी आहे, तेव्हा छर्रे तोंडात धरू देऊ नयेत आणि खेळ संपल्यावर हात साबणाने धुवावयास लावावेत.

खाच एकदा बसली की एका पुठ्ठ्यावर छऱ्याचे नाव, माप, अंतर आणि स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत हे लिहून तो पुठ्ठा बंदुकीच्या पेटीत ठेवावा. आणि कानस दुसऱ्या खोलीत.