अपील आणि दप्तर



मी आज एकच विषय मांडणार आहे, तो कौटुंबिक हिंसेच्या खटल्यांतील फौजदारी अपिलांचा. कारण पीडित स्त्रीचा आवाज, तिचे अडखळणे, सासरची मंडळी समोर बसलेली पाहून तिने खाली घातलेली मान यांपैकी काहीही अपिलापर्यंत पोहोचत नाही, आणि खालच्या न्यायालयाच्या दप्तरात जेवढे उतरले तेवढेच तेथे तोलले जाते.

१९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले, पुराव्याच्या कायद्यात तदनुषंगिक गृहीतके आली, आणि आता ही सारी कलमे नव्या संहितांत नव्या क्रमांकांनी नांदत आहेत. कलमे वाढली, जबाब टिपण्याची आपली रीत मात्र होती तेथेच राहिली.

पुण्यात मंजुश्री या विवाहितेच्या मृत्यूवरून चाललेल्या सारडा खटल्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. सत्र न्यायालयाने पतीस दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली देहान्ताची शिक्षा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली व त्यास निर्दोष मुक्त केले. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे आपण आज प्रत्येक युक्तिवादात उच्चारतो, ती याच निकालपत्रातली. त्या मृत्यूने व्यथित झालेल्या स्त्रियांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभारले, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही. शंकेचा लाभ आरोपीस मिळावा या तत्त्वाशी माझा यत्किंचितही विरोध नाही. परंतु त्याच निकालात न्यायमूर्ती फजल अली यांनी मृत विवाहितेने बहिणीस आणि मैत्रिणीस लिहिलेली पत्रे ग्राह्य धरली, ही गोष्ट मला पाच तत्त्वांइतकीच मोलाची वाटते, कारण चार भिंतींआड काय चालले होते हे सांगणारी साक्ष बहुधा अशा चिठ्ठ्याचपाट्यांतूनच हाती लागते.

याउलट नांदेडच्या सत्र न्यायालयातून निघालेले एक प्रकरण पाहा. विवाहितेचा सर्पदंशाने मृत्यू झाल्याचे तिच्या माहेरी कळविण्यात आले होते, शवविच्छेदनाने मात्र गळा आवळल्याचे दाखविले. खालच्या न्यायालयाने केवळ छळाचा गुन्हा शाबीत धरला, शासनाच्या अपिलात उच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा दिली, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, घरात घडलेल्या घटनेचा खुलासा करण्याची जबाबदारी घरातल्यांवर येते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. हा न्याय त्या कन्येस मिळाला, कारण वैद्यकीय अहवाल आणि माहेरच्यांचे जबाब दप्तरात नीट रुजू झाले होते.

मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा स्वतंत्र हक्क पीडितास ३१ डिसेंबर २००९ पासून लाभला, आणि त्यासाठी अनुमतीची आवश्यकता नाही हे २०१८ च्या निवाड्याने ठरविले. दिवंगत लेकीच्या बापाला आता सरकारच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण निर्दोषत्वाचे गृहीतक मुक्ततेनंतर दुणावते, आणि ते दूर सारण्यास त्या बापाच्या वकिलापाशी पुन्हा तेच कागद असतात.

म्हणून माझे सांगणे मुख्यतः खालच्या न्यायालयांत उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलांना आहे. सत्र खटल्यातील साक्ष कथनरूपाने टिपली जाते. प्रश्न गळतो, उत्तर उरते, आणि उलटतपासणीत वकिलाने शब्दाशब्दाने घातलेले ‘हे खरे नाही की’ साक्षीदाराच्याच तोंडचे विधान होऊन कागदावर येते. महत्त्वाचा भाग प्रश्नोत्तररूपाने लिहिण्याची मुभा न्यायाधीशांस कायद्यानेच आहे. ती मागणारा अर्ज किती जण करतात? साक्षीदाराच्या वर्तनासंबंधी शेरा नोंदविण्याची जी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमात होती, ती नव्या संहितेतही कायम आहे, आणि तरी कित्येक साक्षींखालची ती जागा मी कोरीच पाहिली आहे. साक्षीदार स्त्री रडली, थांबली, दरवाजाकडे पाहून गप्प झाली, तर ते त्याच क्षणी न्यायाधीशांच्या नजरेस आणावे आणि शेऱ्यासाठी विनंती करावी. आरोपीच्या वकिलासही तोच अधिकार आहे, आणि खोट्या फिर्यादीची शंका असेल तर त्यानेही तो निःसंकोच वापरावा.

आज दुपारच्या सत्रात येणाऱ्या ठरावाच्या मसुद्यात या दोन्ही अर्जांचे नमुने जोडावेत आणि ते प्रत्येक तालुक्याच्या वकील संघाकडे धाडावेत, अशी सूचना मी या सभेचा अध्यक्ष या नात्याने करतो.