आठ फोटो, कॉपी एकाचीही नाही

आज जुन्या इन्स्टंट कॅमेऱ्याबद्दल बोलूया. मी पोलरॉइड ६०० वापरते. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना असा कॅमेरा दिसला आणि चालू झाला नाही, तर लगेच खाली ठेवू नका. त्याची बॅटरी फिल्मच्या पॅकमध्येच असते!

पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या कारखान्यातली यंत्रं काही फिल्मवेड्यांनी वाचवली, म्हणून आज नवी फिल्म मिळते. पॅकमध्ये फोटो फक्त ८. त्यामुळे बटण दाबण्याआधी आपण नीट बघतो.

पुण्याच्या मे महिन्यात रंग पिवळट-लालसर येतात. पॅक फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बाहेर आलेला फोटो झटकायचा नाही. उजेडापासून लपवून १५ मिनिटं पालथा ठेवायचा.

खरी मजा त्या १५ मिनिटांत. मंडईत एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला, तर शेजारचे गाळेवालेही वाट बघत थांबले. फोटो मावशींनाच दिला. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही. माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, तो एक नाही. मला त्याचंच बरं वाटतं.

तुम्ही असा एकुलता एक फोटो कुणाला द्याल? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!